झाकली मूठ

टिच् असा आवाज आला. नख मोडल्यावर येतो, तेवढाच.

धनुष्य भिंतीवरच्या खुंटीत अडकवलं होतं, दोरी कप्पीवरून खाली आली होती आणि मी चार पावलं मागे उभी राहून ती वीत-वीत ओढत होते. घरी धनुष्य करणाऱ्याचा हा सगळ्यात आवडता वेळ. मुठीच्या दोन्हीकडची पाती सारखी वाकतायत का ते बघायचं, जिथे ताठ वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करायची, खाली उतरवून चार हात कानस फिरवायची, परत चढवायचं. नजर सगळी पात्यांवर. वाकतात ती पाती, मोडतात तीही पातीच, असा माझा पक्का समज. त्यामुळे आवाज कुठून आला ते शोधायला पंधरा मिनिटं गेली. पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवला, कारण कुसळ उठलं असेल तर कापूस अडकतो. कुठेच अडकला नाही. शेवटी बोळा ठेवायला वाकले तेव्हा मूठ डोळ्यांसमोर आली. बाण टेकवण्यासाठी खाच कापली होती, तिच्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ तिरपी खाली उतरत होती.

मूठ पट्ट्या चिकटवून केलेली. रेघ जोडावर नव्हती, जोडाच्या बाजूच्या अख्ख्या लाकडात होती. म्हणजे ग्लूला दोष देऊन मोकळं व्हायची सोयही उरली नाही.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्या मुठीसाठी चामडं मी आधीच कापून ठेवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून रेघेत पातळ ग्लू सोडला, वरून चामडं गुंडाळलं आणि आठवडाभर त्या धनुष्याने बाण मारले. आठव्या दिवशी चामड्याच्या आतच ती फुटली. चामडं होतं म्हणून तुकडे उडाले नाहीत. अंगठा मात्र चार दिवस सुजलेला होता.

चामडं सोडून बघितलं तेव्हा मुठीचे दोन तुकडे निघाले, आणि दोन्हींची तोंडं स्वच्छ तिरपी, उसाचं कांडं तिरपं कापावं तशी. कुसळं जवळजवळ नाहीतच. लाकूड तुटताना तंतू तुटले की झाडूसारखी कुसळं येतात. इथे तंतू तुटलेच नव्हते, एकमेकांपासून अलग झाले होते. हे टोक बघेपर्यंत मला वाटत होतं की मी मूठ कमजोर केली. खरं तर मी ती बांधतानाच तिच्यात फुटायची वाट आखून ठेवली होती.

ती मूठ अशी होती: बाहेरच्या बाजूंना ॲश नावाच्या परदेशी लाकडाच्या दोन फिकट पट्ट्या आणि मध्ये अक्रोडाची काळसर बारीक पट्टी. तिन्ही उभ्या चिकटवलेल्या, म्हणजे जोड धनुष्याच्या पाठीपासून पोटापर्यंत जातात अशा. (धनुष्याची लक्ष्याकडची बाजू ती पाठ आणि आपल्याकडची ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं.) थर चिकटवले की लाकूड मजबूत होतं, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की कुठून ऐकलं तेही आठवत नाही. बहुधा प्लायवूडवरून. पण प्लायमध्ये एका थराचे तंतू उभे, पुढच्याचे आडवे असतात, कारण प्लायला दोन्ही दिशांनी टिकायचं असतं. धनुष्याच्या मुठीला एकाच दिशेने टिकायचं असतं, लांबीच्या. तिथे आडवा थर नुसता बसून खाणारा. म्हणून मुठीत सगळ्या पट्ट्यांचे तंतू लांबीलाच लागतात. आणि सगळे लांबीला म्हटल्यावर पट्टी कशीही फिरवली तरी चालेल, असं मी समजले.

मुळात मूठ हा भाग मला फुकटचा वाटायचा. ती वाकत नाही, मग तिच्यावर भार तो काय?

हा समज किती उलटा आहे ते कागदावर मांडल्यावर कळलं. दोरी ओढलेली असताना पात्याच्या टोकाकडून मुठीकडे यावं तसा वाकवणारा जोर वाढत जातो, आणि मधोमध सगळ्यात जास्त असतो. मूठ वाकत नाही ती फक्त जाड आहे म्हणून. यातही एक फसगत आहे. जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो, पण मोडण्याला तोंड द्यायची ताकद चौपटच होते. चौपट जाड केली तर ताठरपणा चौसष्टपट आणि ताकद सोळापट. डोळ्यांना दिसतो तो ताठरपणा. मूठ दगडासारखी वाटते आणि आपण निर्धास्त होतो. मग त्या दगडाला हातात बसेल असा गळा काढतो, बाण मधून जावा म्हणून निम्मी रुंदी कापून खाच करतो, आणि वर म्हणतो की इथे काही होत नाही. शिवधनुष्यसुद्धा मधोमध मोडलं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मधोमध म्हणजे मुठीत! इतक्या वेळा ऐकूनही ते कधी लक्षात घेतलं नव्हतं.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं असं वाटतं. डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली एल्म लाकडाची धनुष्यं सुमारे 9000 वर्षांपूर्वीची. त्यांची पाती रुंद आणि चपटी, मूठ अरुंद आणि जाड. एकाच खोडातून काढलेली, त्यामुळे पट्टी उलटी की सुलटी हा प्रश्नच नाही. झाडाने तंतू जसे लावले तसे. मेरी रोज हे इंग्लिश जहाज 1545 मध्ये बुडालं, त्यातून वर आलेली यू नावाच्या झाडाची धनुष्यंही अशीच अखंड. चिकटवून मूठ करायची म्हणजे झाडाने लावलेली घडी मोडून आपण नवी लावायची. ती लावताना झाडाइतकं लक्ष द्यावं लागणारच.

लक्ष कशाकडे द्यायचं, इथे माझा दुसरा गोंधळ झाला होता, आणि पहिल्यापेक्षा तो जास्त महागात पडला. ‘लाकडाच्या रेषा’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घालतो. एक, वार्षिक वलयं कशी बसली आहेत: पट्टीच्या टोकाच्या छेदाकडे बघितलं तर वलयांच्या रेघा पाठीपासून पोटाकडे उभ्या जातात, की पाठीला समांतर आडव्या. दोन, तंतू लांबीला सरळ जातात, की तिरपे होऊन कडेतून बाहेर पडतात. पहिलीवर लोक तासन् तास वाद घालतात. उभी वलयं हवीत म्हणणारे आणि आडवी हवीत म्हणणारे, दोघांचीही धनुष्यं वर्षानुवर्षं टिकलेली असतात, त्यामुळे कोणी हटत नाही. मला स्वतःला मुठीसाठी उभी आवडतात. मुठीचा ठोकळा पात्याकडे निमुळता होत कागदासारखा पातळ होतो, तिथे आडवी वलयं असली की ॲशसारख्या लाकडात एकेक वलय खवल्यासारखं सुटतं. वसंतात वाढलेला वलयाचा भाग मोठ्या छिद्रांचा, ठिसूळ. उभी असली की प्रत्येक वलय टोकापर्यंत पुरतं. पण हा आवडीचा मामला. मुठीचा जीव जातो तो दुसऱ्या गोष्टीने.

अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने छापलेलं एक कोष्टक आहे. तंतू किती तिरपे झाले की लाकडाची ताकद किती उरते, एवढंच त्यात आहे. सरळ लाकूड 100 धरलं, तर 20 ला 1 असा तिरपेपणा असताना (म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीत तंतू एक सेंटिमीटर घसरतात तेव्हा) वाकण्याला 93 उरतात. 10 ला 1 झाला की 81. 5 ला 1 झाला की 55. शेजारच्या रकान्यात आघात सोसण्याचे आकडे आहेत, ते जास्त बोचतात: 20 ला 90, 10 ला 62, 5 ला 36. आणि दाब सोसण्याचा रकाना बघावा तर 10 ला 1 असतानाही 99. म्हणजे धनुष्याच्या पोटाला तिरपे तंतू जवळजवळ कळतच नाहीत, सगळं पाठीला भोगावं लागतं. बाण सुटला की दोरी थांबते, बाणाबरोबर न गेलेली ऊर्जा पात्यांतून मुठीत येऊन आदळते, म्हणून आघाताचा रकाना आपल्या कामाचा.

मी माझ्या मोडक्या मुठीचा तुकडा घेऊन मोजलं. बारा सेंटिमीटर लांबीत तंतू दोन सेंटिमीटर घसरले होते. 6 ला 1. लाकूड घेताना मी ते पाहिलं नव्हतं, कारण बघायचं कुठे हेच माहीत नव्हतं. फळीच्या रुंद बाजूवर दिसणाऱ्या डोंगरासारख्या नक्षीला मी तंतू समजत होते. ती नक्षी वलयांची, फळी कापली तिथे वलयं कापली गेली म्हणून उमटलेली. तंतू तिच्याशी जुळतीलच असं नाही. कित्येक झाडं वाढताना पीळ घेतात, आणि तो पीळ नक्षीत दिसत नाही. तो बघायचा तर भिंग लावून छिद्रांच्या बारीक रेघा बघायच्या. नाहीतर शाईचा थेंब टाकायचा: थेंब तंतूंच्या दिशेने पसरतो, दोन मिनिटांत बाण काढल्यासारखी दिशा दाखवतो. आणि सगळ्यात खरं म्हणजे टाकाऊ तुकड्यावर पटाशी ठेवून हातोडी मारायची. करवत आपल्या मर्जीने जाते, चीर लाकडाच्या मर्जीने.

शाईवरून आठवलं. 2008 मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये मेपल लाकडाच्या बॅटी फुटून टोकदार तुकडे मैदानभर उडू लागले, तेव्हा त्याच प्रयोगशाळेतल्या लाकूडतज्ज्ञांची मदत घेतली गेली. 2009 च्या मोसमापासून मेपलच्या बॅटीच्या मुठीवर शाईचा ठिपका टाकायचा आणि तंतू 3 अंशांपेक्षा जास्त तिरपे असतील तर ती बॅट बाद, असा नियम आला. 3 अंश म्हणजे साधारण 19 ला 1. चेंडू बॅटीच्या कुठल्या बाजूने मारायचा तेही बदललं. ॲशची बॅट वलयांच्या कडेने मारायची रीत होती, मेपलची रुंद बाजूने मारायला लावली. ॲशमधली मोठ्या छिद्रांची रांग डोळ्यांनी दिसते, मेपलची छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी पसरलेली, त्यामुळे मेपल सरळ की तिरपं हे नुसतं बघून कळणं अवघड. हे वाचल्यापासून माझ्या कपाटात शाईची बाटली असते.

आणखी एक गोष्ट बारीक आहे, पण सोडवत नाही. एका बाजूवर बघून भागत नाही. समजा पट्टीच्या एका बाजूवर तिरपेपणा 12 ला 1 आहे आणि शेजारच्या बाजूवर 16 ला 1. दोन्ही आकडे वेगवेगळे बघितले तर बरे वाटतात. पण तंतू दोन्हीकडे एकदम कलले आहेत, आणि खरा तिरपेपणा होतो 9.6 ला 1. कोष्टकातल्या 10 ला 1 ची हद्द निमूटपणे ओलांडलेली.

मग पट्ट्या चिकटवून फायदा तो काय? हे मला एका मित्राने दाखवलं. तो धनुष्य करत नाही, गिटारची मान करतो. माझी मोडकी मूठ हातात घेऊन त्याने दोन्ही ॲशच्या पट्ट्यांवर नख फिरवलं.

“या दोन्ही एकाच फळीतल्या?”

“हो. शेजारशेजारच्या.”

“मग जशा कापल्या तशाच लावल्यास.”

तशाच लावल्या होत्या. रंग जुळावा म्हणून मुद्दाम तशाच. दोन्ही पट्ट्यांचे तंतू पाठीकडून पोटाकडे एकाच बाजूला घसरत होते. दोन साक्षीदार उभे केले, आणि दोघांनाही एकच खोटं पढवलेलं. चीर पहिल्या पट्टीत सुरू झाली, मधल्या सहा मिलिमीटर अक्रोडाने ती काय अडवणार, आणि पलीकडच्या पट्टीत तिला तीच वाट तयार मिळाली.

त्याने एक पट्टी टोकाला टोक बदलून फिरवली. पाठ पाठीलाच, फक्त डावं टोक उजवीकडे. आता एका पट्टीचे तंतू चढत होते आणि दुसरीचे उतरत होते, दोन्ही एकावर एक धरल्या की फुली. एकीतली चीर आता दुसरीत तीच वाट धरू शकत नाही, तिला तंतू तोडावे लागतात. पट्टी तीच, तिरपेपणा तोच, ग्लू तोच. गिटारच्या तीन किंवा पाच पट्ट्यांच्या मानेत हे नेहमीच करतात म्हणे, तारांच्या ताणाने मान पिळवटू नये म्हणून.

यात एक खड्डा आहे, त्यात मी घरी येऊन पडलेच. फुली होण्यासाठी टोकं बदलायची, किंवा पट्टी लांबीभोवती लोळवून पाठ पोटाकडे न्यायची. दोन्हींपैकी एक. मी उत्साहाने दोन्ही केलं. दोनदा फिरवून तंतू पुन्हा पहिल्याच दिशेने तिरपे. सुदैवाने ग्लू लावला नव्हता. तेव्हापासून पट्ट्या कापण्याआधीच फळीच्या कडेवर एक लांब तिरपी पेन्सिलरेघ मारते, तंतूंच्याच दिशेने. चिकटवताना रेघांची फुली दिसली पाहिजे, बाकी डोकं चालवायचं नाही.

फुलीची किंमत रंधा वसूल करतो. एका पट्टीवर तो रेशमासारखी ढलपी काढतो आणि त्याच ओढीत शेजारच्या पट्टीचं लाकूड उपटतो. उलट्या बाजूने चालवला की जिची चंगळ होती तिचे हाल. मुठीसारखा गोलाईचा ठोकळा असेल तर विचारूच नका. मी शेवटी रंधा ठेवला आणि सगळी मूठ कानस आणि काचपेपरने घडवली. वेळ दुप्पट लागला. पण मला ते आवडायला लागलं आहे. रंधा अडतो तिथे मला कळतं की फुली बरोबर बसली.

मुठीचा ठोकळा पात्यावरून सुटून येणं, हा नवशिक्यांचा नेहमीचा अपघात, त्याबद्दल फार लिहीत नाही. ठोकळ्याखाली पातं वाकत असेल तर कुठलाही ग्लू ते धरून ठेवणार नाही. निमुळता उतार लांब ठेवायचा, टोक कागदासारखं पातळ आणायचं, म्हणजे ते पात्याबरोबर वाकतं. आणि चिकटवायच्या तळाशी तंतू तिरपे बाहेर आलेले नसावेत, कारण तंतूंची उघडी तोंडं ग्लू पिऊन टाकतात आणि जोड कोरडा राहतो.

नवी मूठ मी हिवाळ्यात केली. पुन्हा ॲश, अक्रोड, ॲश. यावेळी ॲश चिरून काढलेलं, तिरपेपणा 25 ला 1 च्याही आत, तरीही फुली. सगळ्यात सुंदर लहरी असलेला तुकडा बाजूला ठेवला, कारण लहर म्हणजे तंतू मिनिटाला मत बदलणारे. आतापर्यंत सहाशेच्या वर बाण मारले असतील. रोज मारून झाल्यावर मी खाचेच्या कोपऱ्यावर नख फिरवते. तिथे काही नाही.

पण हवा दमट झाल्यावर गेल्या आठवड्यात नख दुसरीकडेच अडलं, गळ्याच्या पाठीवर, जोडावर. फुटलेलं नव्हतं. पायरी होती. अक्रोडाची पट्टी ॲशपेक्षा किंचित खाली गेलेली, डोळ्यांना दिसणार नाही इतकी. मी पुन्हा आकडे काढून बसले. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत ॲश वलयांच्या दिशेने 7.8 टक्के आकसतं, वलयांना काटकोनात 4.9. अक्रोड वलयांच्या दिशेने 7.8, काटकोनात 5.5. म्हणजे तिन्ही पट्ट्यांची वलयं उभी असती, तर पाठीपासून पोटापर्यंतच्या मापात ॲश आणि अक्रोड बरोबरीने फुगले-आकसले असते, अगदी दशांशापर्यंत. ॲशची वलयं मी उभीच लावली होती. मुठीच्या टोकाचा छेद भिंगाखाली धरला. अक्रोडाची आडवी.

मी ती पट्टी तपासलीच नव्हती. ती शोभेची होती ना!

हिशेबाने लाकडातली ओल चार टक्क्यांनी वाढली असेल, तर पंचेचाळीस मिलिमीटरच्या मापात फरक पडतो सुमारे 0.14 मिलिमीटरचा. तेवढ्याने मूठ फुटत नाही. हवा कोरडी झाली की पट्ट्या पुन्हा पातळीत येतील, पुढच्या दमट महिन्यांत पुन्हा सरकतील, आणि दर वेळी मधला ग्लू दोघांच्या ओढाताणीत सापडेल. एकदा वाटलं, काचपेपर मारून पायरी घालवावी. मग लक्षात आलं की आता घासली तर कोरड्या दिवसांत पायरी उलट्या बाजूने येणार.

चामडं कापून तयार आहे, खणात पडलंय. मी टोकदार पेन्सिल घेतली आणि जोडाशेजारी, गळ्यावरच, आजची तारीख लिहिली.